उपाहारगृहांतील हिंवाळा

मे महिन्यांतील एका दुपारीं मी माझ्या वृद्ध आत्याबाईंना घेऊन मुंबईंतील एका उपाहारगृहांत जेवावयास गेलों होतों. बाहेर ऊन रणरणत होतें आणि घामानें सदरा पाठीला चिकटला होता. कांचेचें जड दार लोटून आंत पाऊल टाकतांच जिवाला मोठा विसांवा वाटला. परंतु तो दहा मिनिटांपेक्षां अधिक टिकला नाहीं. आत्याबाईंनीं प्रथम पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला, मग पिशवींतून शाल काढली. आणि पुढें आलेलें ताट पाहतां पाहतां निवूं लागलें, तेव्हां त्यांनीं माझ्याकडे असें पाहिलें कीं, अपराध जणूं माझाच होता. मीं वेटरला बोलावून थंडी थोडी कमी करण्याची विनंति केली. मुलगा मोठा आर्जवी होता. तो म्हणाला, "आजी, थोडा दम धरा. एक वाजला कीं गर्दी होते. मग बरें वाटेल." आत्याबाईंना हें उत्तर उडवाउडवीचें वाटलें. "मे महिन्यांत शाल पांघरून जेवायचें आणि वर त्याचे जादा पैसे मोजायचे, ही कसली रे रीत?" असा प्रश्न त्यांनीं मला केला. थोड्या वेळानें भटारखान्याच्या दाराकडे पाहत त्यांनीं दुसराही एक प्रश्न केला, "आंत जो आचारी उभा आहे, त्याला तरी ही थंडी मिळते का?"

श्रोतेहो, त्या दिवशीं ह्या दोहोंपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं. पुढें मीं ह्या विषयाची थोडीबहुत चौकशी केली, तेव्हां असें दिसून आलें कीं, पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं सुमारें दोनशें वर्षें मागें जावें लागतें. दुसऱ्याचें उत्तरही त्याच इतिहासाच्या ओघांत मिळतें. आणि त्या वेटरनें जें सांगितलें तें शास्त्रदृष्ट्या अगदीं बरोबर होतें.

लोकांत ह्या थंडीविषयीं दोन समजुती प्रचलित आहेत. एक अशी कीं, गारव्यानें भूक वाढते व गिऱ्हाईक अधिक पदार्थ मागवितें. दुसरी अशी कीं, गारठलेलें गिऱ्हाईक लवकर उठतें व टेबल दुसऱ्यासाठीं मोकळें होतें. ह्या दोन समजुती एकमेकींना छेद देणाऱ्या आहेत हें उघड आहे. तरीसुद्धां पहिलींत कांहीं तथ्य आहे. जॉन ब्रोबेक ह्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें उंदरांवर केलेले आपले प्रयोग १९४८ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत भोवतालची उष्णता वाढत गेली तसतसें उंदरांचें खाणें कमी होत गेलें. अन्न पचवितांना शरीरांत उष्णता निर्माण होते, म्हणून प्राणी थंडींत अधिक खातो व उकाड्यांत कमी, अशी त्याची उपपत्ति होती. वैशाखांत आपलेंही जेवण मंदावतें, हा सर्वांचा अनुभव आहे. परंतु उकाडा घालवून भूक राखणें निराळें आणि मनुष्याला शाल पांघरावयास लावणें निराळें. पहिल्या कामाला पंचवीस-सव्वीस अंश सेल्सिअस आणि डोक्यावर संथ फिरणारा पंखा पुरेसा होतो. मग पारा वीस-एकवीस अंशांपर्यंत खालीं ओढण्याचें प्रयोजन काय? ह्याचें उत्तर उंदरांच्या प्रयोगांत सांपडत नाहीं.

गारवा निर्माण करण्याचे उपाय आपल्याकडे पूर्वींपासून होतेच. मातीचा माठ, दारा-खिडक्यांना लावलेले वाळ्याचे ओले पडदे आणि छताला टांगलेला, दोरीनें ओढावयाचा पंखा हे त्यांतले मुख्य. हे सर्व उपाय एकाच तत्त्वावर चालतात : पाणी वाळतांना भोवतालची उष्णता शोषून घेतें. नागपूर-अकोल्याकडील उन्हाळा कोरडा, म्हणून तेथें वाळ्याचा पडदा खोली खरोखरीच थंड करतो. मुंबईची व कोंकणची हवा बाष्पानें आधींच भरलेली असते. तींत पडदाही वाळत नाहीं आणि अंगावरचा घामही वाळत नाहीं. नागपुरापेक्षां मुंबईचा पारा कितीतरी खालीं असूनही मुंबईकराचा जीव अधिक कासावीस होतो, तो ह्याच कारणानें. उष्णता आणि दमटपणा हे दोन निरनिराळे शत्रू आहेत, एवढें येथें लक्षांत ठेवावें. कारण पुढील सर्व हकीकत त्यावर अवलंबून आहे.

मुंबईच्या मेजवानींत खरी थंडी प्रथम आली ती जहाजांतून. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी न्यू इंग्लंडमधील गोठलेल्या तळ्यांतील बर्फाच्या लाद्या कापून उष्ण देशांत विकावयास पाठवीत असे. १८३३ सालच्या मे महिन्यांत त्याचें 'टस्कनी' नांवाचें जहाज सुमारें १८० टन बर्फ घेऊन निघालें, आणि चार महिन्यांनीं तें कलकत्त्यास पोंचलें तेव्हां त्यांतील सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८३४ सालीं, अमेरिकन बर्फ मुंबईस आला. त्या वर्षीं जमशेटजी जिजीभाई ह्यांनीं आपल्या मेजवानींत पाहुण्यांना आइसक्रीम वाढलें. त्यानंतर यजमान आणि पाहुणे ह्या दोघांनाही पडसें झालें, आणि परदेशी चैनीचें हें योग्यच फळ मिळालें असा टोमणा 'मुंबई समाचार'नें मारला, अशी हकीकत नमूद आहे. त्या आइसक्रीमनें दिवाणखान्यांतील उकाडा एका अंशानेंही उतरला नसेल. पण तें पानांत पडतांच पाहुण्याला कळून चुकत असे कीं, आपला यजमान सामान्य मनुष्य नव्हे. उष्ण देशांत पाहुण्यापुढें थंडी मांडणें ही वैभवाची खूण ठरली ती तेव्हांपासून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पादांत यंत्रानें बर्फ करण्याचे कारखाने निघाले आणि जहाजांतून येणारा बर्फ बंद पडला. पण ही खूण मात्र लोकांच्या मनांतून गेली नाहीं.

आतां आपल्याला थोडा वेळ अमेरिकेंत जावें लागेल, कारण ज्या यंत्रानें आज आपलीं भोजनगृहें थंड होतात त्याचा जन्म तेथें झाला. १९०२ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील सॅकेट-विल्हेम्स ह्या छापखान्यापुढें एक मोठी अडचण उभी होती. रंगीत चित्रें छापतांना एकच कागद निरनिराळ्या रंगांसाठीं अनेक वेळां यंत्राखालून जाई. हवा दमट झाली कीं कागद फुगे, कोरडी झाली कीं तो आकसे, आणि मग एक रंग दुसऱ्या रंगावर नेमका बसत नसे. बफेलो फोर्ज कंपनींतील विलिस कॅरियर ह्या पंचवीस वर्षांच्या एंजिनियराकडे हें काम सोंपविण्यांत आलें. थंड नळ्यांवरून हवा वाहवून तिच्यांतील बाष्प काढून घ्यावयाचें, अशी योजना त्यानें आंखली. 'वातानुकूलन' हा आपला शब्द ज्या इंग्रजी नांवावरून घडविला तें नांव १९०६ सालीं स्टुअर्ट क्रेमर ह्या एंजिनियरानें प्रचारांत आणलें. त्याच्या डोळ्यांपुढें कापडगिरण्या होत्या आणि त्याला काळजी होती ती कोरड्या हवेंत तुटणाऱ्या सुताची. म्हणजे ह्या यंत्राचीं पहिलीं गिऱ्हाइकें कागद व सूत हीं होतीं. माणसाचा विचार मागाहून झाला.

कॅरियरची युक्ति समजून घेतली म्हणजे भोजनगृहांतील थंडीचें एक कारण आपोआप कळतें. बर्फाच्या पाण्यानें भरलेल्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतें, हें आपण पाहतों. तें पेल्यांतून झिरपलेलें नसतें. हवेंतील बाष्प थंड कांचेवर येऊन त्याचें पाणी होतें. वातानुकूलनाचें यंत्र हेंच करतें. हवेंतील दमटपणा काढावयाचा तर ती हवा एकदां बरीच थंड, म्हणजे बारा-तेरा अंश सेल्सिअसपर्यंत, करावी लागते. नंतर ती पुन्हां किंचित् ऊन करून खोलींत सोडली तर कोरडेपणाही मिळेल आणि हुडहुडीही भरणार नाहीं. परंतु थंड केलेली हवा पुन्हां तापवावयाची म्हणजे दुहेरी खर्च; तो सहसा कोणी करीत नाहीं. मुंबईसारख्या शहरांत दमटपणा घालवूं पाहणारें यंत्र, त्याबरोबर न मागितलेली थंडीही देतें, त्याचें हें कारण.

माणसाला हें यंत्र भेटलें तें मुख्यतः चित्रपटगृहांत. उन्हाळ्यांत अमेरिकेंतील नाट्यगृहांत व चित्रपटगृहांत इतकें उकडे कीं, कित्येक चालक तीं बंदच ठेवीत. शिकागो येथील सेंट्रल पार्क हें चित्रपटगृह १९१७ सालीं थंड हवेच्या सोयीसह उघडलें. त्याच्या चालकांपैकीं बार्नी बालाबान ह्यांनीं पूर्वीं शीतगृहाच्या धंद्यांत नोकरी केली होती. मांस टिकविणारी थंडी माणसांनाही सुख देईल, असा त्यांचा तर्क. पुढें १९२५ सालीं न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकांतील रिव्होली चित्रपटगृहांत कॅरियरनें आपलें नवें यंत्र बसविलें. पहिल्या दिवशींची हकीकत त्यानें स्वतः सांगितली आहे. यंत्र सुरू होण्यास उशीर झाला. थिएटर थंड होण्यापूर्वींच प्रेक्षकांनीं तें गच्च भरलें, आणि जो तो हातांतील पंख्यानें वारा घेऊं लागला. भरलेलें घर थंड होण्यास फार वेळ लागतो. हळूहळू एकेक पंखा थांबत गेला आणि अखेर सर्व पंखे मांडीवर विसांवले, तेव्हां कॅरियरचा जीव खालीं पडला.

ह्या प्रसंगापासून थंडीचा व्यापार करणारे दोन धडे शिकले. पहिला असा कीं, घर थंड करावयाचें तें गर्दी येण्यापूर्वीं. गर्दी आल्यावर यंत्राची दमछाक होते. आमच्या वेटरनें 'एक वाजतां बरें वाटेल' म्हणून सांगितलें त्याचा उगम येथें आहे. दुसरा धडा ह्याहून महत्त्वाचा. आपल्या त्वचेला उष्णतेचें प्रमाण जितकें कळतें त्याहून तिच्यांतील बदल अधिक तीव्रतेनें कळतो. रस्त्यावरून आंत येणाऱ्याला पहिल्या क्षणीं जो फरक जाणवतो, तोच त्याच्या स्मरणांत राहतो. म्हणून चित्रपटगृहांच्या दारांवर फलक लागले, आणि 'आंत थंड आहे' हीं अक्षरें बर्फाचे लोळे लोंबत असल्यासारखीं रंगविलेलीं असत. यंत्रावर मोठी रक्कम खर्च करणाऱ्याला ती थंडी दारांतच जाणवून द्यावी लागे. जी थंडी कोणाच्या लक्षांतच येत नाहीं तिचे पैसे कोण देणार? वास्तविक उत्तम हवा ती कीं जिची आठवणही होत नाहीं; परंतु अशी हवा विकतां येत नाहीं. उपाहारगृहांतील हिंवाळ्याचें मूळ माझ्या मतें ह्या एका गोष्टींत आहे. बाकीचीं कारणें त्याला येऊन मिळालीं आणि त्यांनीं तो कायम केला.

भोजनाशीं ह्या यंत्राची गांठ पडली ती आगगाडींत. उन्हाळ्यांत खिडकी उघडावी तर धूळ व कोळशाची कणी ताटांत पडे, आणि मिटावी तर जीव गुदमरे. अमेरिकेंतील बाल्टिमोर ॲण्ड ओहायो रेल्वेनें १९३० सालीं 'मार्था वॉशिंग्टन' ह्या नांवाचा आपला डबा वातानुकूलित केला. आगगाडीच्या पहिल्या वातानुकूलित डब्यांत त्याची गणना होते, आणि तो भोजनाचा डबा होता हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आपल्याकडे मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या 'फ्रंटियर मेल'ला १९३४ सालीं थंड हवेचा डबा जोडण्यांत आला. त्यांत डब्याच्या तळाशीं बर्फाच्या लाद्या भरीत आणि त्यांवरून वाहणारी हवा आंत सोडीत; वितळलेल्या लाद्यांच्या जागीं वाटेंतील स्टेशनांवर नव्या भरीत. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९३३ सालीं, मुंबईंत रीगल चित्रपटगृह थंड हवेच्या सोयीसह उघडलें होतें. मुंबईकराला तीन तास यांत्रिक थंडींत बसण्याची संवय लागली ती अशा ठिकाणीं.

बर्फाची आठवण आपल्या बोलींत अजून शिल्लक आहे. दुकानदार 'दीड टनाचें यंत्र घ्या' म्हणतो, तेव्हां तें यंत्राचें वजन नसतें. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेईल तितकी उष्णता खेंचण्याची शक्ति म्हणजे एक टन. मध्यम आकाराच्या एखाद्या उपाहारगृहाचें यंत्र वीस टनांचें असलें, तर 'टस्कनी' जहाजानें चार महिन्यांचा प्रवास करून आणलेला सारा बर्फ तें पांच दिवसांत संपवील, असा हिशेब होतो.

उपाहारगृहांत हें यंत्र सर्रास येण्यास आणखी एक अडचण होती. त्यांत वापरले जाणारे अमोनिया, सल्फर डायॉक्साइड यांसारखे वायु विषारी असल्यामुळें ते गर्दीच्या जागीं ठेवणें धोक्याचें होतें. १९२८ सालीं टॉमस मिजली व त्याचे सहकारी ह्यांनीं बिनविषारी व न पेटणारा वायु शोधून काढला; तो 'फ्रेऑन' ह्या नांवानें बाजारांत आला, आणि लहान यंत्रें दुकानांत व भोजनगृहांत बसूं लागलीं. ह्या जातीच्या वायूंनीं पृथ्वीभोंवतालच्या ओझोनच्या थराला इजा होते हें पुढें उघडकीस आलें, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानें त्यांचा वापर हळूहळू बंद करण्याचें ठरलें. परंतु तोंवर मोठ्या शहरांतील भोजनगृहांची रचनाच बदलून गेली होती.

मुंबईपुरतें बोलावयाचें तर जुनें इराण्याचें हॉटेल आठवावें. तें बहुधा रस्त्याच्या कोपऱ्यावर असे. दोन बाजूंना उघडीं दारें, उंच छत, लांब दांड्याचे पंखे आणि संगमरवरी टेबलें. हा सारा थाट हवा खेळती ठेवण्यास अनुकूल होता. यंत्र आलें तेव्हां दारें मिटलीं, कांचा बसल्या आणि गारवा कोंडून ठेवण्यासाठीं उंच छताखालीं दुसरें ठेंगणें छत आलें. कित्येक ठिकाणीं खालीं साधी जागा व माळ्यावर 'ए.सी.' असे दोन वर्ग झाले, आणि दोहोंचीं दरपत्रकेंही निराळीं झालीं. तोच चहा व तीच आमटी माळ्यावर महाग मिळूं लागली. जिन्याच्या दहा-बारा पायऱ्या चढून आलेल्या मनुष्याला आपण जादा काय देत आहों, हें जाणवणें अशा वेळीं मालकाला आवश्यकच वाटणार.

आतां वेटरच्या उत्तराकडे वळूं. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य सुमारें १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे जुन्या शंभर वॅटच्या एका दिव्याइतकी. शंभर माणसें जेवावयास बसलीं कीं त्यांच्या अंगची उष्णता काढण्यासच सुमारें तीन टनांची शक्ति खर्ची पडते. वाफाळलेलीं ताटें, दिवे आणि उघडझांप होणारें दार ह्यांचा हिशेब वेगळा. यंत्र बसवितांना एंजिनियर अत्यंत उकाड्याच्या दिवशींची भरगच्च पंगत गृहीत धरतो, कारण त्या दिवशीं तें कमी पडलें तर दोष त्याच्या माथीं येतो. म्हणून साडेअकरा वाजतां, पांच-सहा टेबलें भरलेलीं असतांना, तें यंत्र फारच मोठें असतें. तें पारा झपाट्यानें उतरवितें व थांबतें. पण दमटपणा पुरता काढण्याइतका वेळ चालत नाहीं. त्यामुळें खोली गार व ओलसर लागते, आणि कोणीतरी पारा आणखी खालीं आणतो. त्यांतच उष्णतामापक असतो एकच, आणि तो बहुधा एखाद्या भिंतीवर, जेथें दारांतून उकाडा येतो किंवा जेथें माणसांची वर्दळ असते. त्या भिंतीचें समाधान होईपर्यंत कोपऱ्यांतील आजीबाईंचे हात गारठून गेलेले असतात.

पारा कोणाच्या हातीं असतो, हाही प्रश्न आहे. बसून जेवणाऱ्यापेक्षां ताटें घेऊन फिरणाऱ्या वेटरच्या शरीरांत जवळजवळ दुप्पट उष्णता निर्माण होते, आणि कित्येक ठिकाणीं त्याला बंद गळ्याचा कोट घालावा लागतो. तो घामेजला तर शोभत नाहीं, म्हणून थंडी त्याच्या मापाची ठेवली जाते. आणि हें माप तरी मुळांत कोणाचें? कपड्यांची ऊब मोजण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं १९४१ सालीं 'क्लो' नांवाचें एक परिमाण ठरविलें. एकवीस अंश सेल्सिअसच्या खोलींत स्वस्थ बसलेल्या मनुष्याला ज्या कपड्यांत बरें वाटतें, त्यांची ऊब म्हणजे एक क्लो. पुरुषाचा पुरा पाश्चात्त्य पोशाख साधारण तेवढा भरतो. मलमलीचा सदरा किंवा सुती पातळ त्याहून बरेंच कमी. नेदर्लंड्समधील दोन संशोधकांनीं २०१५ सालीं असेंही दाखवून दिलें कीं, इमारतींतील सुखद तापमान ठरविण्याच्या रूढ पद्धतींत प्रौढ पुरुषाच्या शरीराचा हिशेब धरलेला असतो, आणि त्यामुळें स्त्रियांच्या शरीरांत निर्माण होणारी उष्णता प्रत्यक्षाहून अधिक गणली जाते. आत्याबाईंची शाल हा केवळ म्हातारपणाचा हट्ट नव्हता.

ह्या सर्वांवर आपल्या कायद्यानेंही शिक्कामोर्तब केलें. १ मे २०११ पासून, ज्या उपाहारगृहांत वातानुकूलन व मद्याचा परवाना हीं दोन्ही असत, त्यांवर केंद्र सरकारनें सेवाकर बसविला. १ एप्रिल २०१३ पासून मद्याची अट गेली आणि एकटें वातानुकूलनच कराला पुरेसें ठरलें. उपाहारगृहाच्या कोणत्याही भागांत, वर्षांतील कोणत्याही वेळीं तें असलें म्हणजे झालें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला, तेव्हां साध्या उपाहारगृहांतील जेवणावर १२ टक्के आणि वातानुकूलित उपाहारगृहांतील जेवणावर १८ टक्के असा भेद होता. शंभर रुपयांच्या जेवणामागें सहा रुपये केवळ थंड हवेचे! त्याच वर्षींच्या १५ नोव्हेंबरपासून हा भेद काढून टाकण्यांत आला आणि बहुतेक उपाहारगृहांना ५ टक्क्यांचा एकच दर लागूं झाला. आतां थंडीचा निराळा कर उरलेला नाहीं. परंतु ती चैनीची खूण आहे, ही समजूत करासारखी एका दिवसांत रद्द होत नाहीं.

आत्याबाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असेंच द्यावें लागतें. भटारखान्यांत चुलींवर मोठे पंखे बसवून धूर, वाफ व वास बाहेर खेंचून टाकतात. ते पंखे जितकी हवा बाहेर टाकतात तितकी कोठून तरी आंत यावी लागते, आणि तींतील कांहीं भाग भोजनगृहांतून येतो. वास जेवणाऱ्यांकडे येऊं नयेत म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते. अशा रीतीनें, पैसे खर्चून थंड केलेली हवा दाराच्या फटींतून भटारखान्यांत शिरते आणि चुलीवरून धुराड्यांत नाहींशी होते; आचाऱ्याच्या वांट्याला दारापाशीं एक झुळूक तेवढी येते. आपल्या टेबलाजवळून काढलेली उष्णताही कोठें नाहींशी होत नाहीं. यंत्राला लागलेल्या विजेची उष्णता तिच्यांत मिळून ती सर्व मागच्या बोळांत सोडली जाते, आणि त्या बोळांत भांडीं घांसणारा मुलगा बसलेला असतो. आपण शाल पांघरतों तेव्हां त्याच इमारतींत दुसरा कोणी घाम पुशीत असतो, आणि दोघांचेंही दुःख एकाच यंत्रानें वाढविलेलें असतें.

ह्यांत मालकाची बाजूही ऐकावयास हवी. पुढें एकदां आम्ही त्याच उपाहारगृहांत गेलों, तेव्हां मीं गल्ल्यावरील गृहस्थांशीं हा विषय काढला. ते म्हणाले, "साहेब, ज्याला उकडतें तो उठून जातो आणि पुन्हां येत नाहीं. ज्याला थंडी वाजते तो शाल काढतो, पण जेवून जातो. पारा वर नेला कीं दारांतून येणारा पहिला माणूस विचारतो, ए.सी. बंद आहे काय?" ह्या बोलण्यांत खोटें कांहींच नव्हतें. तो दारांतून येणारा पहिला माणूस म्हणजे आपणच. दहा मिनिटांनीं गारठणारा मनुष्यही आपणच. परंतु मालकाच्या कानीं जाते ती पहिल्याची तक्रार.

म्हणून उपाय थोडाबहुत आपल्याही हातीं आहे. केंद्र सरकारनें ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या सल्ल्यानें १ जानेवारी २०२० पासून असा नियम केला आहे कीं, खोलीसाठीं विकलें जाणारें वातानुकूलन-यंत्र सुरू करतांच तें २४ अंशांवर लागावें. पारा एका अंशानें वर ठेवला तर सुमारें ६ टक्के वीज वांचते, असें ब्यूरोचें म्हणणें आहे. यंत्र २४ अंशांवर सुरू झालें तरी बोटाच्या एका दाबानें तें १८ वर नेतां येतें, हेंही खरें. पण जेवावयास बसणाऱ्यांनीं संकोच न करतां थंडी अधिक आहे एवढें सांगावयास आरंभ केला, आणि दारांतून आंत येतांच हुडहुडी भरली नाहीं म्हणून कोणी नाक मुरडलें नाहीं, तर मालकालाही पारा वर नेण्याचा धीर होईल. आणि वांचलेल्या पैशांतून भटारखान्यांत ताजी हवा सोडणारा एखादा पंखा बसविण्याची गोष्ट त्यांच्याजवळ काढतां येईल.

आमच्या त्या गृहस्थांनीं त्या दिवशीं आमच्या कोपऱ्यांतील झोताचें तोंड फिरवून दिलें आणि पारा २५ वर ठेवला. आत्याबाईंनीं शाल पिशवींतून काढली नाहीं. जेवण झाल्यावर आमटीची तारीफ करावी म्हणून त्या भटारखान्याच्या दारापर्यंत गेल्या, आणि लगेच कपाळ पुशीत परत आल्या. "तिथें उभें राहवत नाहीं रे," एवढेंच त्या म्हणाल्या; आणि बाहेर पडतांना गल्ल्यापाशीं थांबून त्यांनीं मालकांना विचारलें, "आंतल्या पंख्याचें काय करणार आहां?"